महाराजबाग की सेमिनरी हिल्स?

नागपुरात झाडं बघायची तर कुठे जावं? माझं उत्तर ऋतूवर ठरतं.

महाराजबाग भोसल्यांच्या काळातली. शेजारून नाग नदी वाहते. 1894 मध्ये इथे प्राणिसंग्रहालय झालं आणि 1906 मध्ये सुरू झालेल्या शेतकी कॉलेजाकडे पुढे बागेचा कारभार आला. आज ती अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. बहुतेक लोक वाघ बघून परततात, याचं मला खरंच वाईट वाटतं. अहो, मान वर करून जुन्या झाडांचे बुंधे, त्यांचा घेर तर बघा! मे महिन्यातल्या दुपारी अशी सावली भर शहरात मिळणं किती मोलाचं आहे!

सेमिनरी हिल्स ही बाग नव्हेच. दख्खनच्या बेसाल्टचं पठार इथे पूर्वेकडे संपत येतं, तिथली ही टेकडी. माती उथळ, पाणी कमी. म्हणून झाडं उन्हाळ्याआधी पानं गाळून पाणी वाचवतात. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळा, हात लालसर होतो. होळीच्या सुमारास पळसाखाली थांबा: फांदीवर एक पान नाही, काळपट मखमली कळ्या आणि त्यातून बाहेर वळलेल्या केशरी पाकळ्या. फुलांवर पक्ष्यांची झुंबड असते.

मुलं सोबत असतील, ऊन असेल, तर महाराजबाग. पण विदर्भाचं रान कसं जगतं हे समजून घ्यायचं असेल, तर मी फाल्गुनात टेकडीच निवडेन, तीही सकाळी लवकर.