खिशातला चाकू: कॅडेट, ओपिनेल की डेलिका?

घडीचा चाकू घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण पोलादाच्या नावांत अडकतात. कुठलं पोलाद, त्याचा कडकपणा किती, धार किती दिवस टिकते. ही चौकशी चुकीची नाही, पण ती नंतरची. आधी दोनच गोष्टी ठरवायच्या: उघडलेलं पातं लॉक व्हायला हवं का, आणि चाकू एका हाताने उघडायला हवा का. या दोन प्रश्नांना वेगवेगळी उत्तरं देणारे तीन चाकू इथे घेतले आहेत. तिन्ही जुने, नावाजलेले, आणि तिघांतला एकही टाकाऊ नाही.

पहिला व्हिक्टोरिनॉक्सचा कॅडेट. बंद असताना ८४ मिलिमीटर लांब, वजन ४६ ग्रॅमच्या आसपास, मूठ अ‍ॅल्युमिनियमची. पात्याला लॉक नाही, पाठीमागची स्प्रिंग त्याला दाबून धरते एवढंच. पात्यावरच्या खाचेत नख अडकवून दोन्ही हातांनी उघडायचा. ऐकायला सगळंच उणं वाटतं. पण दिवसभरात चाकू लागतो तरी कशाला? पार्सलची टेप, सुतळी, नव्या वस्तूला आवळलेली प्लास्टिकची पट्टी, कपड्याचं लेबल, एखादं सफरचंद. यात दाब धारेच्या बाजूने येतो आणि तो पात्याला उघडंच ठेवतो. लॉक नसलेलं पातं बोटांवर मिटतं ते टोक खुपसताना, किंवा जाड पुठ्ठ्यात रुतलेलं पातं उलटं हिसकताना. ही दोन कामं टाळली तर लॉकची आठवणही येत नाही.

कॅडेटला वर डबा उघडायचं हत्यार, बाटलीचं झाकण काढायची सोय, स्क्रू ड्रायव्हर आणि नखांची कानस आहे. खरं सांगायचं तर स्क्रू ड्रायव्हरच पात्यापेक्षा जास्त वेळा बाहेर येतो. पहिल्यांदाच चाकू घेत असाल आणि कारण नीट सांगता येत नसेल, नुसतं ‘असावा एक’ असं वाटत असेल, तर मी डोळे मिटून हाच सांगेन.

दुसरा ओपिनेल नंबर ८. फ्रान्सच्या साव्हुआ भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेलने हा चाकू घडवला. बीच लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं आणि गळ्याशी फिरणारं धातूचं कडं. कडं १९५५ मध्ये आलं. ते फिरवलं की पातं लॉक. एवढं मोठं पातं असूनही वजन कॅडेटच्याच घरातलं.

याची खरी ताकद पात्याच्या पातळपणात आहे, आणि इथे जरा थांबायला हवं. जाड पात्याचा चाकू सफरचंदात घातला की अर्ध्या वाटेवर फळ ‘कट्’ करून फुटतं. ते कापलं जात नाही, पाचर ठोकल्यासारखं दुभंगतं. ओपिनेल मात्र शेवटपर्यंत कापत जातो आणि पातळ काप पात्याला चिकटून राहतो. पुठ्ठ्यातही तेच. धार दोघांचीही तितकीच असली तरी जाड पात्याला प्रत्येक इंचाला रेटावं लागतं. पोलादाच्या नावांवर वाद घालणाऱ्यांनी एकदा हा प्रयोग करून पाहावा.

दोषही लाकडाचेच. चाकू भिजला की मूठ फुगते आणि पातं आत घट्ट बसतं, नखाने हलत नाही. त्यावरचा जुना उपाय म्हणजे मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं, की पातं थोडं बाहेर डोकावतं. क्लिप नाही आणि गोल मूठ पँटच्या खिशात फुगवटा करते. मला हा खिशापेक्षा पिशवीतला चाकू वाटतो. घेताना पातं कार्बन पोलादाचं की स्टेनलेसचं, हे नीट पाहा. कार्बन पातं दगडावर झटकन धार घेतं, पण ओलं ठेवलंत की गंजतं. फळं कापून त्यावर राखाडी-निळे डाग चढतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. पुसून ठेवायचा कंटाळा असेल तर स्टेनलेसच घ्या.

तिसरा स्पायडर्को डेलिका. पात्यात गोल भोक आणि मुठीला क्लिप, ही जोडी या कंपनीने १९८१ मध्ये वर्कर नावाच्या चाकूत आणली. डेलिका त्याच वळणाचा. क्लिपमुळे तो खिशाच्या काठाशी उभा राहतो, अंगठा भोकात घालून ढकललं की पातं उघडतं आणि पाठीवरचा खटका त्याला पक्कं धरतो. वजन ७० ग्रॅमच्या आसपास. एका हातात खोका धरून दुसऱ्याने चाकू उघडायचा असेल, शिडीवर उभं राहून दोरी कापायची असेल, दिवसाला ढीगभर पार्सलं फोडायची असतील, तर बाकी दोघे याच्यापुढे अडखळतात. क्लिप चारपैकी कुठल्याही जागी बसवता येते, त्यामुळे डावखुऱ्यांचीही अडचण नाही. तिघांत महाग मात्र हाच. आणि चारचौघांत पातं ‘खट्’ आवाज करत उघडलं की समोरचा माणूस दचकतो. कॅडेटकडे कुणी वळूनही बघत नाही.

कायद्यालाही नेमक्या याच गोष्टी खटकतात: लॉक आणि एका हाताने उघडणं. ब्रिटनमध्ये धार ३ इंचांपर्यंतची आणि पातं लॉक न होणारं असेल, तर घडीचा चाकू सार्वजनिक ठिकाणी विनाकारणही बाळगता येतो. लॉक आलं की सबळ कारण दाखवावं लागतं. जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडून लॉक होणारे चाकू असेच निर्बंधाखाली आहेत. म्हणजे डेलिकाचे दोन्ही गुण तिथे दोष ठरतात. आपल्या भागाचा नियम आधी वाचा, मग चाकू निवडा. विमानात केबिनच्या सामानात तिघांपैकी एकही नेऊ नका.

आता पोलाद. कॅडेटचं पोलाद मऊ आहे. धार लवकर उतरते, पण काही फेऱ्यांत परत येते, आणि दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाचा खरबरीत कडाही चालतो. डेलिकाच्या नेहमीच्या प्रकारातलं व्हीजी-१० नावाचं पोलाद बरंच कडक. त्याची धार खूप टिकते, पण पूर्ण बोथट होऊ दिलीत तर दगडावर घाम काढते. शिवाय कडक धार लाकडात पिळली तर तिचे बारीक कपचे उडतात, मऊ धार नुसती वाकते. धार लावणं जमत नसेल आणि शिकायचंही नसेल, तर महागडं पोलाद तुमच्या काही कामाचं नाही. शिकायचं असेल तर १००० ग्रिटचा, म्हणजे मध्यम खरबरीत, एक दगड पुरे. प्रत्येक बाजूने १५ ते २० अंश धरायचे, आणि कोन हलू द्यायचा नाही.

चाकू हातात आला की पातं बंद करून वरून बघा. ते मुठीच्या मधोमध बसलेलं हवं, एका भिंतीला घासणारं नको. मग उघडून, बोटं धारेपासून लांब ठेवून डावीउजवीकडे हलवा; पातं खिळखिळं लागायला नको. ओपिनेल आणि डेलिकाचं लॉक लावून पात्याची पाठ हलकेच लाकडावर दाबा. लॉक जराही सरकलं तर चाकू त्याच दिवशी परत करा.