तारतम्य, विवेक की नुसती पोच?

सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावायची आहे. गणपतीत स्पीकर लावायला कुणाची ना नाही, पण शेजारी कोणी आजारी आहे का, कुणाची परीक्षा आहे का, हे बघून आवाज ठेवा, एवढंच सांगायचंय. ‘विवेक बाळगा’ लिहावं की ‘तारतम्य बाळगा’?

तारतम्य. कारण शब्दाच्या घडणीतच आहे. लघु, लघुतर, लघुतम यांतले ‘तर’ आणि ‘तम’ हे तुलनेचे प्रत्यय. त्यांच्यापासून झालेलं भाववाचक नाम म्हणजे तारतम्य. कमीजास्त ओळखणं. गोष्ट मुळात चूक नाही, पण किती, केव्हा आणि कुणापुढे, एवढाच प्रश्न उरतो, तिथे हा शब्द चपखल बसतो.

विवेक ‘वि’ आणि ‘विच्’ धातूपासून आला. अर्थ वेगळं काढणं. धान्य एकीकडे, खडे दुसरीकडे, मधलं काही नाही. वेदान्तातला नित्यानित्यविवेक तोच, आणि सदसद्विवेकबुद्धीही तीच (‘सद्सद्’ नव्हे, सत् अधिक असत्). लाच घ्यावी की नाही, हा विवेकाचा प्रश्न. दिवाळीत कंत्राटदाराकडून आलेला चिवड्याचा पुडा ठेवून घ्यावा आणि त्याच्याचकडून आलेलं चांदीचं निरांजन परत करावं, हे तारतम्य.

पोच हा घरगुती शब्द, आणि तो बहुतेक नकारातच येतो: ‘बोलायची पोच नाही’, ‘काही पाचपोच आहे की नाही?’ होकारात वापरलात तर घोटाळा होतो, ‘त्याची वर चांगली पोच आहे’ म्हणजे ओळखी आहेत. शिवाय पोचपावतीतली पोच निराळीच. पुण्यातल्या फळ्यावर हा शब्द लिहिलात, तर खाली पेनने उत्तर आलंच म्हणून समजा.

व्यवहारज्ञान म्हणजे पावती घेणं, भाव करणं, कागद वाचून सही करणं. ते भरपूर असूनही तारतम्य शून्य, अशी माणसं काही कमी नाहीत.

अक्कलहुशारी मात्र दस्तासाठी राखून ठेवावी. खरेदीखतातलं ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ म्हणजे शुद्धीवर असताना, समजून-उमजून. तिथे ‘विवेकाने’ घातलंत तर अर्थच सरकतो.

तारतम्य बाळगतात, ठेवतात. माणूस तारतम्याने वागतो, तारतम्याने घेतो. विवेक जागा होतो, तारतम्य जागं होत नाही. ‘तारतम्यता’ तर लिहूच नये; भाववाचक ‘य’ आधीच आहे, ‘सौजन्यता’मध्ये होते तीच चूक. हिंदीत तारतम्य म्हणजे क्रम, सलगता. त्यामुळे भाषांतरित परिपत्रकांत ‘दोन विभागांत तारतम्य राखावे’ दिसतं. मराठीत तिथे मेळ किंवा समन्वय हवा.

आता फळ्यावरचा मजकूर: ‘स्पीकर रात्री १० वाजता बंद करावा. त्याआधी आवाजाचे तारतम्य ठेवावे.’ ही दोन वाक्यं एकत्र करू नयेत. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, आणि काही ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट द्यायची तर ती सरकारने, सोसायटीने नव्हे. ‘रात्री उशिरा तारतम्य ठेवावे’ एवढंच लिहिलंत, तर पावणेअकराही कुणाच्या तरी तारतम्यात बसतात.