मायक्रोसॉफ्ट ऑफिस: कॉलेजच्या ईमेलवरचं की विकतचं?
कॉलेजचा ईमेल चालत असेल तर ऑफिस 365 एज्युकेशनमध्ये वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट फुकट मिळतात, पण ब्राउझरमध्ये. नेट गेलं की काम अडलं. माझ्या भाचीचं तर पदवीनंतर कॉलेजचं खातंच बंद झालं, दोन वर्षांच्या नोट्स आत अडकल्या. शेवटच्या सत्रातच सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घ्या, अगदी कळकळीने सांगते.

विकतचं ‘ऑफिस होम 2024’ एकदाच पैसे भरून एका संगणकावर बसतं. एकदा सुरू केलं की रोज नेट लागत नाही. मात्र त्यावर दुकानाची बिलं करायची परवानगी नाही; धंद्यासाठी ‘होम अँड बिझनेस’ घ्यावं लागतं, त्यात आउटलुकही येतं.

वर्गणी भरून वापरायच्या ‘मायक्रोसॉफ्ट 365’ची महिन्याभराची फुकट ट्रायल घेताना बँकेचं कार्ड मागतात; मुदतीआधी रद्द केली नाही तर पैसे कापले जातात. शिकताय तोवर फुकटचंच वापरा.