बोटॅनिकल गार्डन: पाट्या वाचत फिरा
पोरांना घेऊन गेलो, वाटलं अर्ध्या तासात कंटाळतील, पण व्हिक्टोरिया कमळाच्या तळ्यापासून हलायलाच तयार नाहीत! पानं परातीसारखी, 2 मीटरच्या वर वाढतात आणि खालून नुसते काटे. माळीकाकांनी सांगितलं की फूल पहिल्या रात्री पांढरं उमलतं, वासाने भुंगे आत शिरतात, मग ते मिटतं आणि दुसऱ्या रात्री गुलाबी होऊन त्यांना पराग लावून सोडून देतं, मला पण हे माहीत नव्हतं. काचघरातली घटपर्णी (सुरईसारख्या पानांत किडे पकडणारी वनस्पती) बघाच (बोट घालू नका, आमचा धाकटा घालणारच होता). कॅक्टसचा भाग ठीकठाक. तक्रार एकच, निम्म्या पाट्यांची अक्षरं उन्हाने उडालीत, मग झाड ओळखायचं कसं? सकाळी लवकर जा, पक्षीपण दिसतात.