फेलक्निवेन एफ१ की मोरा गार्बर्ग?

दोन्ही सुऱ्या स्वीडिश कंपन्यांच्या, दोन्हींचं पोलाद सहसा न गंजणारं, पातं मुठीतून आरपार गेलेलं. खरा फरक जाडीत. एफ१ तब्बल ४.५ मिलिमीटर जाड. १९९५ मध्ये स्वीडिश हवाई दलाने ती वैमानिकांसाठी निवडली, तेव्हा ताकदीची शंका नकोच. पण कांदा चिरताना हीच जाडी नडते, फोड कापण्याआधीच फाकते. ३.२ मिलिमीटरची गार्बर्गही काही पातळ नाही, तरी लाकडाच्या ढलप्या सुरेख काढते. तिच्या धारेचा रुंद, सपाट उतार दगडावर नीट टेकतो, त्यामुळे नवशिक्यालाही धार लावता येते. एफ१चा उतार फुगीर. त्याला सराव लागतो. पावसात ओल्या हाताला मात्र एफ१ची रबरासारखी मूठ जास्त भरवशाची. दोरी, काटक्या आणि मुक्कामाचा स्वयंपाक एवढंच काम असेल, तर मी गार्बर्गच घेईन. किंमतही बरीच कमी आहे.