आधी १८०-६००, मग बॉडी: निकॉन झेड सिक्स थ्री आणि जोडीच्या तीन लेन्स

फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, मिररलेस कॅमेरा घ्यायचा ठरला की बहुतेक जण बॉडीपासून, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यापासून, सुरुवात करतात. मेगापिक्सेल किती, सेकंदाला फोटो किती, व्हिडिओ कसा. नागपूरकरांना मी उलटं सांगते. उमरेड-कऱ्हांडला आपल्यापासून दीडेक तासावर, पेंचचं सिल्लारी गेटही साधारण तेवढंच, आणि ताडोबा एका दिवसात जाऊन येण्यासारखं. इथे राहून ज्याने मोठा कॅमेरा घेतला तो आज ना उद्या जंगलात जातोच. तेव्हा आधी लांब पल्ल्याची लेन्स ठरवावी आणि ती ज्या माउंटची, म्हणजे लेन्स बसवायच्या ज्या जोडाची, असेल त्या कंपनीची बॉडी घ्यावी. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स पंधरा वर्षं घरात राहते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे लेन्स निवडताना पहिल्यांदा भागाकार करते. फोकल लेंग्थला (लेन्सचा पल्ला सांगणाऱ्या मिलिमीटरच्या आकड्याला) एफ-आकड्याने भागलं की लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक किती मिलिमीटरचं, ते कळतं. निकॉनची १८०-६०० एफ/५.६-६.३ घ्या: ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५ मिलिमीटर. तिच्या तोंडाला ९५ मिलिमीटरचाच फिल्टर लागतो. सोनीची २००-६०० एफ/५.६-६.३ अगदी हेच गणित, फिल्टरही ९५ चाच. कॅननची आरएफ १००-५०० शेवटी एफ/७.१ वर जाते, म्हणजे भोक ७० मिलिमीटरचं. कॅननचीच २००-८०० शेवटी एफ/९, म्हणजे ८९. दूरच्या प्राण्याकडून येणारा प्रकाश किती गोळा होणार, हे या एका आकड्यात सामावलेलं आहे. १००-५०० चं वजन १.३७ किलो आहे आणि बाकीच्या तिघी दोन किलोच्या आसपास, ते याच कारणाने. काच कमी तर वजन कमी, आणि प्रकाशही कमी. ज्यांचे खांदे, मनगट दुखतात त्यांनी १००-५०० खुशाल घ्यावी, अतिशय सुंदर लेन्स आहे. पण आपल्या जंगलात वाघ दिसतो तो पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या अर्धवट उजेडात, सागाच्या सावलीत. तिथे ९५ आणि ७० मधला फरक फोटोत दिसतो.

एफ/४ ची ६०० मिलिमीटर प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स म्हणजे १५० मिलिमीटरचं भोक आणि दहा लाखांच्या पुढची किंमत. तो विषय माझ्यापुरता तिथेच संपतो.

निकॉन आणि सोनी यांच्या या दोन्ही लेन्समध्ये मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट: झूम केलं तरी लेन्सची लांबी वाढत नाही. सगळी हालचाल आतल्या आत होते. कॅननच्या दोन्ही लेन्स नळीसारख्या बाहेर येतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा मुद्दा किरकोळ वाटेल. मे महिन्यात ताडोब्याच्या बफरमध्ये पुढे पाच जिप्सी असताना सहाव्या जिप्सीत बसलेल्याला तो किरकोळ वाटत नाही. ती लाल माती पिठासारखी बारीक असते, भुवयांवर बसते, दातांत कचकच करते. बाहेर येणारी नळी ती धूळ अंगावर घेते आणि झूम मागे घेताना सोबत आत नेते. कंपन्या रबराची सील लावतात, त्यांनी बराच फरकही पडतो. पण जी नळी बाहेरच येत नाही तिला ती काळजीच नाही. शिवाय तोल बदलत नाही. बीन बॅगवर लेन्स एकदा टेकवली की १८० असो वा ६००, ती तशीच बसून राहते.

दुसरी गोष्ट झूमच्या रिंगची. १८० पासून ६०० पर्यंत जायला ती फक्त ७० अंश फिरवावी लागते, मनगटाचा एक वळसा. रस्त्याच्या पलीकडे बांबूत बसलेली वाघीण उठून थेट गाडीकडे चालत येते तेव्हा याचा अर्थ समजतो. आमचा जिप्सीवाला हळूच म्हणतो, "ताई, थांबा, ती इकडेच येऊन राहिली," आणि पुढच्या काही क्षणांत ६०० वरून १८० वर यायचं असतं, डोळा न काढता. १८० सुद्धा शेवटी जास्तच होतं, तेव्हा चेहराच काय तो फ्रेममध्ये मावतो. ज्यांना वाघ पूर्ण, जंगलासकट हवा असतो त्यांना दुसरी बॉडी लागते. जिप्सीत लेन्स बदलू नका. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो, लेन्स काढली की मागे सेन्सरच.

एक वैदर्भीय सूचना. उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजून गेले की जमीन तापते आणि हवा थरथरायला लागते. अशा वेळी शंभर मीटरवरच्या सांबराचा फोटो कुठल्याही लेन्सने मऊच येणार. दोष लेन्सचा नसतो, मधल्या तापलेल्या हवेचा असतो. नवी लेन्स तपासायला भर दुपारी गोरेवाड्याच्या तलावावर जाऊ नका, चांगल्या काचेवर उगीच शंका येईल. सकाळी सहाला जा आणि काठावरचा नीलपंख जवळून टिपा. त्याच्या गळ्यावरच्या फिकट उभ्या रेघा सुट्या दिसल्या की लेन्स ठीक आहे.

पल्ला १.४ पट वाढवणारा टेलिकन्व्हर्टर १८०-६०० वर बसतो. ८४० मिलिमीटर मिळतात, पण एफ/९ वर. अंबाझरीच्या लख्ख उन्हात पाणपक्ष्यांसाठी चालेल, जंगलासाठी मी घेतला नाही.

निकॉन आणि सोनी दोन्ही बाजूंनी एवढं सारखं असताना निकॉन का? बॉडीमुळे. झेड सिक्स थ्री जून २०२४ मध्ये आला. २४.५ मेगापिक्सेल, बॅटरी-कार्डासकट ७६० ग्रॅम. त्याचा सेन्सर अंशतः स्टॅक्ड आहे, म्हणजे वाचणारी वेगवान सर्किटं सेन्सरच्या वरच्या आणि खालच्या कडेला रचलेली. झेड सिक्स टूपेक्षा हा साडेतीन पट वेगाने वाचला जातो, असं निकॉन सांगते. सोनीचा ए सेव्हन फोर ३३ मेगापिक्सेलचा आहे, लँडस्केपला अप्रतिम, पण त्याचा सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचला जातो. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये, म्हणजे पडदा न हलवता फोटो काढताना, या सावकाशीचा परिणाम काय होतो, तो बघायचा तर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत जा. काळी आणि पिवळी मारबत, मागे बडगे, आणि पुढे ताशावाले. ताशाची बारीक काडी हवेत असते तेव्हा सेन्सरची वरची ओळ आधी वाचली जाते, खालची नंतर; तेवढ्यात काडी पुढे सरकते आणि फोटोत ती धनुष्यासारखी वाकते. झेड सिक्स थ्रीत ती जवळजवळ सरळ राहते. पूर्ण स्टॅक्ड सेन्सरच्या झेड एटमध्ये याहून सरळ. पण झेड एट ९१० ग्रॅमचा आणि किमतीला बराच वर. उडत्या पक्ष्याच्या पंखाचं गणितही तेच.

इलेक्ट्रॉनिक शटरवर सेकंदाला २० रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो निघतात. मी एवढे क्वचित काढते, घरी बसून निवडणार कोण? मला जास्त आवडलं ते आवाज न होणं. तळ्याकाठच्या लपणात खंड्या तीन-चार मीटरवर असतो, तिथे शटरची एक खट् पुरते त्याला उडवायला.

या वेगासाठी एक किंमत मोजावी लागते, ती माहीत असू द्या. सगळ्यात कमी आयएसओवर (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्यावर) गडद सावल्या खूप उजळवल्या तर झेड सिक्स टूपेक्षा यात थोडी जास्त दाणेदारी दिसते. जंगलात आपण ३२००-६४०० आयएसओवर असतो, तिथे हा फरक राहत नाही. ज्यांचं मुख्य काम ट्रायपॉडवरून रामटेकच्या गडावरचा सूर्योदय टिपण्याचं आहे, त्यांनी याचा जरूर विचार करावा. दुसरं म्हणजे दोन कार्डांच्या खाचा वेगवेगळ्या आहेत, एक सीएफएक्स्प्रेस टाइप बीची आणि एक एसडीची. दोन्हीवर एकाच वेळी तेच फोटो साठवायचे तर वेग एसडीचा मिळतो. कॅननच्या आर सिक्स मार्क टूत दोन्ही एसडी आहेत, हिशेब सोपा.

फोकसबद्दल लांबलचक लिहीत नाही. आज तिन्ही कंपन्या डोळा शोधतात आणि धरून ठेवतात. फक्त बांबूचं जंगल कुठल्याच कॅमेऱ्याला पूर्ण उमगत नाही, पुढचं हलणारं पान त्याला वाघापेक्षा आधी दिसतं. अशा वेळी फोकसचं क्षेत्र लहान करून स्वतः बोट ठेवायचं. ते एका बटणावर नेमून ठेवा.

आता मधली लेन्स, आणि इथे माझं दुकानदाराशी मनापासून वाजलं. सीताबर्डीच्या बाजारात, बर्डीवरच्या ज्या दुकानात मी जाते तिथले काउंटरवरचे भाऊ फार चांगले आहेत, लेन्स लावून बाहेर रस्त्यावर नेऊन बघू देतात. पण त्यांचा आग्रह एकच: "मॅडम, टू पॉइंट एटच घ्या ना, सगळे तेच नेऊन राहिले. एफ फोरमध्ये बॅकग्राउंड ब्लर नाही होत." मी त्यांना काउंटरवरच्या बिलबुकाच्या मागे भागाकार करून दाखवला. २४-७० एफ/२.८: ७० भागिले २.८, बरोबर २५ मिलिमीटर. २४-१२० एफ/४: १२० भागिले ४, बरोबर ३०. चेहरा फ्रेममध्ये सारखाच मोठा ठेवला तर दूरची पार्श्वभूमी किती विरघळेल, हे त्या भोकाच्या आकारावर ठरतं. म्हणजे १२० वर थोडं मागे सरकून काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये मागचे दिवे ७० एफ/२.८ पेक्षा जास्तच विरघळतात. त्यांनी दोन्ही लेन्स लावून समोरच्या पानठेल्याच्या दिव्यांवर करून बघितलं. "हो ना बावा," एवढंच म्हणाले आणि २४-१२० खोक्यात भरली.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र एफ/२.८ दुप्पट प्रकाश घेते, हे खरंच आहे, त्याला गणिताने फाटा देता येत नाही. त्यासाठी माझ्याकडे ५० एफ/१.८ आहे. ती एफ/४ च्या जवळजवळ पाचपट प्रकाश घेते आणि वजन ४१५ ग्रॅम. २४-१२० चं ६३० ग्रॅम, २४-७० एफ/२.८ च्या पहिल्या झेड आवृत्तीचं ८०५. दिवसा झूम, रात्री ५०. भाचीचं लग्न वर्धा रोडवरच्या एका लॉनवर झालं, संध्याकाळचं रिसेप्शन मी या दोनच लेन्सवर केलं आणि कुठे अडलं नाही. फक्त स्टेजमागच्या एलईडी भिंतीपुढे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावलं. दिव्यांची लुकलुक सेन्सरच्या ओळींत अडकली की फोटोवर आडवे पट्टे पडतात. साध्या दिव्यांखाली शटर १/१०० ठेवलं तरी बहुतेक पट्टे जातात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. एलईडी भिंतीला मात्र तो नियम लागू नाही, तिची लुकलुक वेगळ्या गतीची असते.

मारबतीच्या गर्दीत २४-१२० ची खरी किंमत कळते. इतवारीतल्या त्या बोळांत कोपर हलवायला जागा नसते, वरून भुरभुर पाऊस, आणि पुतळा एका क्षणी अंगावर, दुसऱ्या क्षणी चौकाच्या टोकाला. २४ वर बोळ आणि गच्च्यांवरची माणसं, १२० वर मारबतीचे मोठाले डोळे. ७० वर थांबणारी लेन्स तिथे तोकडी पडते.

जुन्या निकॉनवाल्यांसाठी दोन वाक्यं. तुमच्या एफ माउंटच्या लेन्स एफटीझेड अडॅप्टरवर चालतात, २००-५०० एफ/५.६ सुद्धा छान चालते, तेव्हा ती असेल तर १८०-६०० ची घाई नको. पण ज्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, उदाहरणार्थ ५० एफ/१.८ डी, त्या हाताने फोकस कराव्या लागतील, कारण अडॅप्टरमध्येही मोटर नाही.

खरेदी जीएसटीच्या पक्क्या बिलावर आणि भारतातल्या वॉरंटी कार्डावरच करा. बिलाशिवाय काही हजार कमी सांगणारे भेटतील; दोन किलोच्या काचेची दुरुस्ती त्या हजारांत होत नाही. वापरलेली लेन्स घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून लावून पुढून बघा, बुरशीचे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे लगेच दिसतात. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळ्यातले तीन महिने लेन्स कपाटात कोंडून ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

आणि ज्यांचं काम निव्वळ लग्नांचं आहे, जंगलाशी ज्यांचा संबंध नाही, त्यांनी माझं ऐकून १८०-६०० साठी निकॉनकडे येऊ नये. त्यांच्यासाठी सोनीचा ई माउंट जास्त सोयीचा: २०१३ पासून फुल-फ्रेममध्ये असल्याने सिग्मा आणि टॅमरॉनच्या परवडणाऱ्या एफ/२.८ झूम आणि एफ/१.४ प्राइम तिथे भरपूर आहेत. झेड माउंटवर टॅमरॉनच्या काही फुल-फ्रेम लेन्स मिळतात, ३५-१५० एफ/२-२.८ तर लग्नासाठी फार कामाची आहे. सिग्माच्या ऑटोफोकस लेन्स मात्र या माउंटवर आल्या त्या लहान सेन्सरच्या. कॅननने २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला दार उघडलं, तेही लहान सेन्सरच्या लेन्ससाठीच. म्हणून लग्नवाल्यांनी बर्डीवर जाण्याआधी ३५ आणि ८५ मिलिमीटरच्या लेन्सचे भाव तिन्ही माउंटवर शेजारी शेजारी लिहून काढावेत, आणि बॉडीचा भाव त्यानंतर विचारावा.