फुकट सहल आणि एक लाख पस्तीस हजारांची मेंबरशिप

नाशकात मॉलच्या दारात, पेट्रोल पंपावर, कपड्यांच्या दुकानाबाहेर ‘लकी ड्रॉ’ची कुपनं भरून घेणारी पोरं-पोरी हमखास भेटतात. नाव, मोबाइल नंबर, लग्न झालंय का, घर स्वतःचं की भाड्याचं, गाडी कोणती, क्रेडिट कार्ड आहे का. बक्षिसाच्या कुपनाला क्रेडिट कार्डाची चौकशी कशाला लागते, हे तिथल्या तिथे विचारा. आम्हाला त्याचं उत्तर इगतपुरीकडच्या एका डोंगरावर मिळालं आणि ते १,३५,००० रुपयांना पडलं.

कुपन भरल्यावर थोड्याच दिवसांत फोन. “अभिनंदन मॅम, तुमचं कपल सिलेक्ट झालंय.” डोंगरमाथ्यावरच्या रिसॉर्टवर एक दिवसाची सहल. जायला-यायला बस, नाश्ता, जेवण, वर गिफ्ट. सगळं फुकट, मध्ये फक्त पाऊण तासाचं ‘छोटंसं प्रेझेंटेशन’. अटी मात्र पक्क्या. नवरा-बायको दोघांनी यायचं, लहान मुलं आणायची नाहीत, ओळखपत्रासोबत क्रेडिट कार्ड जवळ ठेवायचं. दोघं हवीत, कारण मग “घरी विचारून सांगतो” असं म्हणता येत नाही. मुलं नकोत, कारण मूल कुरकुरलं की आईबाप उठून चालू लागतात.

बस सकाळी मुंबई नाक्यावरून सुटली. आत सगळी आमच्यासारखीच जोडपी. सिडको, इंदिरानगर, पंचवटी. कुणी अंबडच्या कारखान्यात, कुणी नुकतेच रिटायर झालेले शिक्षक. घोटीच्या पुढे बस हायवे सोडून आत वळली. शेवटच्या चढाशी थांबली आणि तिथून त्यांच्या जीपने वर नेलं. चढ खडा आहे, बस चढणार नाही हे खरंच. पण उतरायलाही तीच जीप, आणि ती कधी सुटणार ते त्यांनी ठरवायचं.

देखावा मात्र अस्सल होता. पावसाळा सरत आला होता. ढग जरा फाटला की समोर कळसूबाईची रांग, अलंग-मदन-कुलंगचे कातळ आणि खाली भातखाचरं. कठड्यापाशी जेमतेम फोटोपुरता वेळ मिळाला, मग सगळ्यांना हॉलमध्ये नेलं. हॉलला त्याच बाजूला मोठाल्या काचा होत्या आणि सगळे पडदे ओढलेले होते.

प्रत्येक जोडप्याला एक टेबल, एक पोरगा आणि कानठळ्या बसवणारी गाणी. शेजारच्या टेबलावर काय भाव चाललाय ते ऐकू येऊ नये आणि आपल्याला डोक्यात हिशेब करता येऊ नये, म्हणून ही गाणी. पोराने विचारलं, वर्षाला फिरण्यावर किती खर्च होतो? हे म्हणाले तीसेक हजार. त्याने कोऱ्या कागदावर मार्करने ५०,००० लिहिले, “हॉटेलं महागलीत ना काका,” म्हणून दहा वर्षांची महागाई चढवली आणि खाली दुहेरी रेघ मारून नऊ लाख काढले. शेजारी त्यांची हॉटेल-मुक्कामाची मेंबरशिप: दहा वर्षं, दरवर्षी सहा रात्री, देशात कुठेही, दिवाळीतसुद्धा, २,४०,०००. नाही म्हटलं की तो उठून दुसऱ्याला आणतो, दुसरा तिसऱ्याला. तिसरा मॅनेजर. तो अस्सल नाशिकच्या मराठीत सुरू झाला, “काकू, मी तुमच्या मुलासारखा. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ ला सुरू झाला, आता मुंबईवाले इकडे तुटून पडणार. पुढच्या वर्षी हा रेट विसरा.” समृद्धीची तारीख बरोबर होती. असली खरी माहिती अधूनमधून पेरली की बाकीचंही खरंच वाटायला लागतं. भाव घसरत १,३५,००० वर आला, पण ‘फक्त आज, फक्त इथे’. कुणी सही केली की घंटा वाजायची, सगळा स्टाफ टाळ्या वाजवायचा. हुरड्याला बोलावून शेतच गळ्यात मारावं, तसा सगळा कारभार.

आणि जेवण? “प्रेझेंटेशन संपलं की लगेच.” पाऊण तासाचे तीन तास उलटले. ह्यांना डायबिटीस आहे, जेवणाआधीची गोळी खिशात तशीच. दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा “दोनच मिनिटं काका” आणि बशीत क्रीमची बिस्किटं.

लेकाला फोन लावावा म्हटलं तर मोबाइलला रेंज नाही. कार्डाचं स्वाइप मशीन मात्र त्याच टेबलावर झकास चालत होतं. “कार्ड फक्त एलिजिबिलिटी बघायला,” असं म्हणून पिन टाकून घेतला आणि सगळी रक्कम एका फटक्यात गेली. “बँकेला सांगून ईएमआय करून घ्या,” हे नंतर. करारावर जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. पान उलटलं की बोट थेट फुलीवर. हिशेबाचा तो मार्करचा कागद हे घडी करून खिशात टाकायला गेले, तर पोराने हसत हसत हातातून काढून घेतला. “कंपनी पॉलिसी आहे, काका.” तोंडाने दिलेला एकेक शब्द त्या कागदावर होता.

कराराची प्रत कुरियरने आली तेव्हा त्यात काय होतं? दिवाळी, नाताळ आणि मेची सुट्टी वगळून. खोली ‘उपलब्ध असल्यास’, तीही ९० दिवस आधी मागितली तर. तुम्ही जा न जा, वर्षाला ९,००० रुपये मेंटेनन्स, अधिक जीएसटी. प्रतिनिधीने दिलेली तोंडी आश्वासनं कंपनीवर बंधनकारक नाहीत. पैसे परत नाहीत. वाद झाल्यास फक्त गुरुग्रामच्या कोर्टात. गिफ्ट म्हणून मिळालेलं दोन रात्रींचं व्हाउचर वापरायचं तर त्याचीही प्रोसेसिंग फी.

निदान तोच डोंगर तरी द्या, म्हणून कंपनीला फोन केला. “ते डेस्टिनेशन आता नाही, मॅम.” शेवटी रिसॉर्टलाच फोन लावला. काउंटरवरच्या माणसाने सरळ सांगितलं, “ताई, त्यांनी आमचा हॉल फक्त दिवसापुरता भाड्याने घेतला होता. त्यांचा आमचा काही संबंध नाही.” जो देखावा दाखवून मेंबरशिप विकली, तो त्यांचा नव्हताच. निघण्याआधी रिसॉर्टला हा एक फोन केला असता तरी पुरे होतं, म्हणून तो तुम्ही करा. दुसरं म्हणजे हाच भाव कंपनीच्या लेटरहेडवर लिहून मागा आणि उद्या सांगतो म्हणा. खरा व्यवहार एका रात्रीत नासत नाही. आणि डोंगरावरून नुसता देखावाच बघायचा असेल, तर त्र्यंबक रोडने अंजनेरीला जा, ब्रह्मगिरी चढा. तिथे कुपन भरावं लागत नाही.

बँकेने हात वर केले: पिन तुम्हीच टाकलाय. ईएमआय करून घेतला तर व्याज आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी. पोलीस ठाण्यात “सही तुमचीच आहे, हे सिव्हिल मॅटर” असं ऐकावं लागलं. पुढची वाट सापडली ती १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरून. त्यांनी कंपनीला तक्रार पाठवली. कंपनीने कराराच्या कलमांचे फोटो उत्तरादाखल धाडले. मग आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. गुरुग्रामच्या कलमाला घाबरून गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. कागद मात्र जपा: फोनवरचे मेसेज, बसच्या वेळेचा मेसेज, कार्डाची स्लिप, व्हाउचर, कॉल रेकॉर्डिंग असेल तर ते. ‘दिवाळीतसुद्धा’ हे शब्द आम्हाला व्हॉट्सअॅपवरच्या एका जुन्या निरोपात सापडले. तक्रारीचा सगळा भार आता त्यावर आहे.

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, त्यामुळे “बघू, पुढच्या वर्षी तरी खोली मिळेल” म्हणत थांबू नका. त्यांना तेच हवं असतं. एकाच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. त्या बसमधले काही जण हे वाचत असतील. घंटा तुमच्याही टेबलावर वाजली असेल तर स्लिप आणि कराराची प्रत शोधून ठेवा आणि कळवा.